थ्रो मारून जिंकलो, आता रूममेट बोलत नाही

पत्र असं आहे:

"ताई, मी कराडला इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. हॉस्टेलवर एकाचा पीएस फोर आहे, त्यावर आम्ही रोज रात्री टेकन ७ हा मारामारीचा गेम खेळतो. मी किंग नावाचा पैलवान घेतो आणि एरवी थ्रो, म्हणजे समोरच्याला धरून आपटणं, भरपूर मारतो. रूममध्ये सगळ्यांनी मिळून नियम केलाय की थ्रो मारायचा नाही, चीप आहे म्हणून, आणि रूममध्ये मी तो पाळतो. पण कॉलेजच्या फेस्टमध्ये टूर्नामेंट होती, तिथे असा काही नियम नव्हता. सेमीला नेमका रूममेटच समोर आला. बसायच्या आधी तो म्हणाला, 'थ्रो नाही ना रे?' मी नुसता हसलो. शेवटच्या राउंडला चार थ्रो मारले आणि जिंकलो. तेव्हापासून तो बोलत नाही, ग्रुपवर सगळे मला चीटर म्हणतायत. फायनल पुढच्या शनिवारी आहे. मी चुकलो का? फायनलला थ्रो मारू की नको? बाकी माझा खेळ स्वच्छ आहे, ऑनलाइन रँकमध्ये हरायला आलो की वायफाय बंद करतो तेवढंच, ते तर सगळेच करतात. – किंगवाला"

किंगवाल्या, थ्रो मारलेस त्यात तुझं काहीच चुकलं नाही. फायनललाही मार, मोजून नको, लागतील तेवढे मार. पण तुझ्या पत्रात दोन वाक्यं अशी आहेत की जी तू जाता जाता लिहून गेलास आणि मी तिथेच अडकले, त्यांच्याबद्दल तू मला काही विचारलेलंच नाहीस. त्यावर येतेच. आधी थ्रोचं बघू, कारण तुझा अख्खा ग्रुप त्यावरून पेटलाय आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून मग खोडलं पाहिजे.

थ्रो लागला की समोरच्याला वाटतं आपण काहीच करू शकत नव्हतो. किंग येतो, धरतो, गरगर फिरवून फेकतो, आणि तेवढा वेळ आपण कंट्रोलर हातात धरून नुसतं बघत बसायचं, बटणं दाबून काही होत नाही. चिडचिड होणारच. पण आपल्याला काही करता येत होतं ते धरलं त्या क्षणी, आणि तो क्षण बहुतेकांना दिसतच नाही. पुढच्या वेळी मित्रांना किंगचे हात बघायला सांग. डावा हात पुढे आला तर डावा पंच, म्हणजे चौकोनाचं बटण. उजवा आला तर उजवा पंच, त्रिकोण. दोन्ही हात एकदम आले तर दोन्ही बटणं एकदम. जायंट स्विंग, म्हणजे तोच गरगर फिरवून फेकणारा थ्रो, ज्याच्यावरून तुमच्या रूममध्ये एवढी बोंबाबोंब आहे, तो डाव्या पंचाने सुटतो. साधे थ्रो तर टेकन ७ मध्ये दोन्हींपैकी कुठल्याही एका पंचाने सुटतात. वेळ मिळतो तो अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी, पण मिळतो, आणि सराव केला की पुरतो.

आणि हातही बघायचे नसतील तर सरळ खाली बसायचं. उभ्या माणसाला धरणारा थ्रो डोक्यावरून हुकतो आणि किंग तेवढ्यापुरता उघडा पडतो, मग उठता उठता एक मारून त्याला हवेत उडवायचं आणि पुढचा सगळा कॉम्बो, म्हणजे लागोपाठचे फटके, आपल्याला फुकटात. बसलेल्याला धरणारे थ्रो किंगकडे वेगळे आहेत, पण ते ओळखणं ही नंतरची इयत्ता. तर थ्रोला उत्तर आहे, एक नाही दोन-तीन आहेत, आणि ती गेममध्येच दिलेली आहेत, विकत घ्यावी लागत नाहीत. तुमच्या रूमने ती शिकायच्या ऐवजी थ्रोच बंद करून टाकला.

आता थ्रो बंद केल्यावर काय होतं ते तू रोज रात्री बघतच असशील. टेकनमध्ये गार्ड धरायला बटणही लागत नाही, मागे दाबून धरलं किंवा नुसतं उभं राहिलं तरी बरंच काही अडवलं जातं. गार्ड धरून उभं राहिलेल्याला उघडायचे दोन रस्ते, पायात मारणं आणि धरणं. त्यातला एक बंद केला की गार्डवाला निवांत, त्याला फक्त पायांकडे बघायचंय. म्हणजे नियम केला न्याय म्हणून आणि फायदा झाला जो नुसता बसून राहतो त्याला. त्यात हा नियम कोणी सुचवला हेही आठवून बघ, बहुतेक ज्याला थ्रो सोडवता येत नाहीत त्यानेच, आणि यात त्याचा काही डाव नसतो, त्याला मनापासून वाटतं की जे मला अडवता येत नाही ते अन्यायाचंच असणार.

हे भांडण तुमच्या हॉस्टेलचं नाही, खूप जुनं आहे. १९९१ ला स्ट्रीट फायटर २ हा असाच मारामारीचा गेम आला तेव्हापासून गेम पार्लरमध्ये लोक थ्रोवरून एकमेकांच्या अंगावर जात आलेत. आणि त्या वेळच्या लोकांचं निदान एक खरं होतं, त्या गेममध्ये थ्रो एकदा लागला की सुटकाच नव्हती. मग १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोमध्ये बनवणाऱ्यांनी सोय केली की वेळेत बटण दाबलं तर थ्रोचा मार कमी बसेल. थ्रो काढला नाही, उत्तर दिलं. त्याच गेममध्ये अकुमा नावाचं लपवलेलं पात्र होतं, हवेतून फायरबॉल टाकायचा, त्याच्यापुढे बाकी कोणाचं काही चालायचंच नाही, म्हणून टूर्नामेंटवाल्यांनी अकुमा घ्यायचाच नाही असं ठरवून टाकलं. तेही बरोबरच होतं, कारण बंदी सगळ्यांना आधीपासून माहीत होती आणि अकुमाला खरंच उत्तर नव्हतं. जायंट स्विंग म्हणजे अकुमा नाही रे बाबा, त्याला एका बटणाचं उत्तर आहे.

टेकन ७ मध्येच याचं एक चांगलं उदाहरण होऊन गेलं. डिसेंबर २०१९ मध्ये लीरॉय स्मिथ हे नवीन पात्र आलं आणि ते इतकं भारी होतं की महिन्या-दीड महिन्याने एव्हो जपान ही अशा गेमची मोठी टूर्नामेंट झाली तर टॉप ८ मधले बहुतेक जण लीरॉय घेऊनच बसलेले, आणि थायलंडचा बुक नावाचा खेळाडू लीरॉयनेच जिंकला. बघणारे वैतागले, मलाही ती फायनल बघायला मजा आली नाही. पण बुकने काय चूक केली? पात्र गेममध्ये होतं, सगळ्यांना घेता येत होतं, जिंकायला आलेला माणूस हातातलं चांगलं हत्यार खाली ठेवून का बसेल? दुरुस्ती करायची होती ती कंपनीने, आणि पुढे पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, काढून त्यांनी लीरॉयला खाली आणलंही. खेळाडूवर ते ओझं टाकायचं नसतं.

आपल्याकडे कबड्डीत हेच झालंय. रेडर लाइनच्या आसपास फिरून परत यायचा, रिकामी रेड, परत रिकामी रेड, आघाडी असलेली टीम आरामात वेळ काढायची. लोक ओरडायचे, पण ओरडून कोणी थांबलं नाही. मग प्रो कबड्डीत नियमच आला, दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, पॉइंट आणला नाही तर रेडर आउट. आता तीच तिसरी रेड बघायला लोक खुर्चीच्या टोकावर येऊन बसतात. वेळ काढणाऱ्या रेडरला कोणी लबाड ठरवून वाळीत टाकलं नाही, नियमात भोक होतं ते बुजवलं.

मग तुझे मित्र एवढे का चिडतात? मला वाटतं हे आपल्या पार्लरच्या सवयीतून आलंय. पुण्या-मुंबईत काय, कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे काय, प्लेस्टेशनची पार्लरं होती तिथे टेकन ३ लावलेला असायचा आणि हरेल तो उठेल हा कायदा. तासाचे पैसे खिशातून गेलेले, नंबर यायला अर्धा तास लागलेला, आणि समोर कोणीतरी एडी नावाचं पात्र घेऊन फक्त दोन किकची बटणं बडवतोय, एक्स गोल एक्स गोल, पाय भिंगरीसारखे फिरतायत आणि आपला खेळ मिनिटभरात खलास. तेव्हा ते चिडणं समजू शकतं, कारण शिकायला वेळच नव्हता, शिकायचं म्हणजे हरायचं आणि हरायचं म्हणजे उठायचं. पण तुमच्याकडे प्लेस्टेशन रूममध्ये आहे, रात्र तुमची आहे, प्रॅक्टिस मोड आहे, फोनवर हवे तेवढे व्हिडिओ आहेत. पार्लरचा राग ठेवला आणि पार्लरची अडचण मात्र राहिली नाही, असं झालंय.

एक अपवाद सांगते. सुट्टीत घरी गेलास आणि दहा वर्षांचा मामेभाऊ कंट्रोलर घेऊन शेजारी बसला तर त्याला सलग सहा वेळा जायंट स्विंग मारू नकोस. तिथे जिंकायला कोणी बसलेलं नसतं.

आता चीटर. हा शब्द तुझ्या ग्रुपवर फार स्वस्तात वापरला जातोय आणि त्याने माझं डोकं फिरतं, कारण खरी चीटिंग काय असते ते आपल्या देशाने बघितलंय. ऑक्टोबर २०१८, शांघाय, काउंटर स्ट्राइक या बंदुकांच्या गेमची मोठी आशियाई टूर्नामेंट, आणि ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चालू मॅचमध्ये एमबॉट, म्हणजे आपोआप नेम धरून देणारं सॉफ्टवेअर, सापडला, वर्डच्या नावाने लपवलेली फाइल. टीम बाद झाली, ऑप्टिकने भारतातली टीमच बंद केली, त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. टीममधल्या बाकीच्या पोरांनी काय केलं होतं? काहीच नाही. वर्षानुवर्षं रात्री जागून जिथवर पोचले होते ते एका फाइलमुळे गेलं, आणि नंतर किती दिवस कुठलाही भारतीय खेळाडू चांगला खेळला की परदेशातली पोरं चॅटमध्ये त्या फाइलचं नाव टाकायची. थ्रो मारणाऱ्याला आणि त्याला एकाच शब्दात बसवलं तर शब्दाला काही वजन राहत नाही, आणि खरा चोर सुटतो.

मधली जागाही असते, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर नाही पण गेममधल्याच चुकीचा फायदा. काउंटर स्ट्राइकच्याच २०१४ च्या ड्रीमहॅक विंटर टूर्नामेंटमध्ये स्वीडनची फनॅटिक टीम फ्रान्सच्या एलडीएलसीसमोर ओव्हरपास मॅपवर ३-१३ अशी मागे होती, मग त्यांनी तिघांना एकावर एक उभं करून असा कोपरा पकडला की वरच्याला अर्धा मॅप दिसतोय आणि खालचे पाय टेकून उभे आहेत ते अशा कडेवर जी डोळ्यांना दिसतच नाही. १६-१३ ने जिंकले. तक्रार झाली, मॅच परत खेळायचं ठरलं, शेवटी फनॅटिकनेच माघार घेतली आणि मॅप दुरुस्त झाला. यावर लोक आजही भांडतात आणि भांडावं अशीच ती गोष्ट आहे, दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं आहे. माझं मत विचारशील तर नियमपुस्तकात बसत नसेल तर परत खेळवणं बरोबर, पण त्या पोरांना चोर म्हणणं चूक. तुझा थ्रो मात्र या मधल्या जागेतही येत नाही, तो किंगच्या मूव्ह लिस्टमध्ये छापलेला आहे.

आता त्या दोन वाक्यांकडे येते.

पहिलं, "मी नुसता हसलो." रूममेटने तुला सरळ विचारलं, थ्रो नाही ना रे? तुझ्याकडे एक सरळ उत्तर होतं, "इथे रूमचा नियम नाही, मी मारणारे." तीन सेकंद लागले असते. तू हसलास. तुमच्या दोघांत रोज रात्री एक ठरलेलं होतं, तो ते धरून बसला, आणि तू त्याला तसं धरून बसू दिलंस कारण त्यात तुझी सोय होती. त्याने खाली बसायची तयारी ठेवली नसणार, हात बघितले नसणार, कारण त्याच्या हिशोबात थ्रो येणारच नव्हता. तुझे चार थ्रो नियमात होते, पण ते लागले ते अर्धे तुझ्या हाताने आणि अर्धे त्या हसण्याने. टूर्नामेंटच्या कुठल्याही नियमाने तुला कोणी पकडू शकत नाही आणि निकाल बदलायचीही काही गरज नाही. पण तो बोलत नाहीये तो थ्रोमुळे नाही, मला जवळजवळ खात्री आहे. त्याला सांगता येत नसेल म्हणून तोही ग्रुपवर चीप चीप करत असेल, पण त्याला लागलंय ते दुसरंच.

तेव्हा माफी माग, पण नेमक्या गोष्टीची माग. "थ्रो मारले त्याबद्दल सॉरी" असं म्हणालास तर खोटं बोलशील आणि फायनलला परत मारशील तेव्हा ते उघडं पडेल. असं म्हण की "तू विचारलंस तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं, मी मुद्दाम गप्प बसलो, ते चुकलं." ग्रुपवर नाही, समोरासमोर, मेसमध्ये नाहीतर चहाच्या टपरीवर, आणि पुढे "पण" लावू नकोस. तो लगेच विरघळेल असं नाही. दोन दिवस फुगून बसला तर बसू दे.

दुसरं वाक्य वायफायचं. हे तू "तेवढंच" म्हणून लिहिलंस आणि मला अख्ख्या पत्रात हेच सगळ्यात जास्त लागलं. कुठेतरी एक पोरगा दिवसभराचं क्लास-कॉलेज संपवून बसलाय, तुझ्या थ्रोला उत्तर शोधून काढलंय त्याने, दोन राउंड तुला खाली बसून बसून मारलाय, शेवटच्या फटक्याला तू वायफाय बंद करतोस आणि त्याच्या स्क्रीनवर येतं कनेक्शन गेलं. जिंकल्याचे पॉइंट बऱ्याचदा मिळत नाहीत त्याला. त्याने सगळं बरोबर केलं होतं. थ्रोला उत्तर आहे, वायफाय बंद करण्याला समोरच्याकडे कुठलंही उत्तर नाही, खाली बसून ते हुकत नाही, कुठलं बटण दाबून सुटत नाही. २०२४ ला टेकन ८ आला तेव्हा हा प्रकार इतका झाला की कंपनीला जाहीर सांगावं लागलं की असं करणाऱ्यांवर कारवाई करू. सगळेच करतात असं तू म्हणतोस, सगळे नाही करत. ज्यांच्याबरोबर हे होतं ते पण "सगळे" मध्येच येतात ना, ते पूर्ण मॅच खेळून हरतात आणि परत रांगेत लागतात. हे आजपासून बंद कर. रँक खाली जाईल, जाऊ दे, तो तुझा खरा रँक असेल आणि तिथे तुझ्या बरोबरीची माणसं भेटतील.

आता रूमचं काय करायचं. माफी मागून झाली की रूममेटला म्हण, चल तुला थ्रो ब्रेक, म्हणजे थ्रो सोडवणं, शिकवतो. प्रॅक्टिस मोड लाव, तू किंग घे, आणि त्याला फक्त दोन गोष्टी करायच्या, हात बघायचे आणि बटण दाबायचं. आधी नुसता जायंट स्विंग दे, त्याला डावा पंच बसेपर्यंत, मग त्यात दोन्ही हातांचा मिसळ, मग न सांगता कुठलाही. तुझं नुकसानच आहे यात, तुझे निम्मे थ्रो बंद होतील. पण आत्ता तुझा खेळ काय आहे ते बघ, थ्रो लागला तर जिंकलास, सुटला तर पुढे काय करायचं ते तुला माहीत नाही, कारण रूममध्ये थ्रोवर बंदी असल्याने तिथे तुझा थ्रो कधी कोणी सोडवलेलाच नाही. फायनलला ज्याने थ्रो सोडवायचा सराव केलाय असा एक जण समोर आला की तू तिथेच संपशील.

लाहोरच्या अर्सलान अॅशचं माहीत असेलच तुला. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बाहेर फारसं कोणाला नाव माहीत नव्हतं, त्या एका वर्षात एव्हो जपान आणि लास व्हेगासचं एव्हो दोन्ही टेकन ७ मध्ये जिंकला, आणि जिंकल्यावर म्हणाला की आमच्याकडे माझ्यासारखे अजून बरेच आहेत. त्यावर कोरियाचा नी, ज्याला जगातल्या सगळ्यात मोठ्या टेकन खेळाडूंमध्ये मोजतात, तो स्वतः पाकिस्तानात जाऊन त्या पोरांबरोबर खेळला आणि भरपूर हरला. एवढा मोठा खेळाडू, पण त्याने तिथल्या खेळाला चीप म्हटलं नाही, तो शिकायला गेला. लाहोरची ती पोरंही एकमेकांना रोज जे काही येतं ते सगळं मारूनच तयार झालेली, कोणी कोणाला सूट देत नव्हतं. तुमच्या रूमला तसं व्हायचंय की थ्रो-बंदी मंडळ व्हायचंय ते तुम्ही ठरवा, मी माझ्याकडून सांगितलं. तोपर्यंत रूममध्ये नियम आहे तो पाळत राहा, तिथे तू शब्द दिलायस. बदलायचा असेल तर सगळ्यांना बसवून बदलून घे.

फायनलचं एवढंच. समोर जो असेल त्याला आणि आयोजकांना आजच मेसेज टाकून नियम लिहून मागून घे, पात्रांवर काही बंदी आहे का, मॅच तीनपैकी दोन की पाचपैकी तीन, स्टेज, म्हणजे लढायची जागा, रँडम आहे ना. हसून सोडून द्यायची भानगड परत नको. आणि मॅचमध्ये चुकून ऑप्शन्सचं बटण दाबून पॉज झाला तर बऱ्याच टूर्नामेंटमध्ये तो राउंड समोरच्याला देतात, तेव्हा तुमच्याकडे काय आहे तेही विचार आणि बसायच्या आधी सेटिंगमध्ये पॉज होल्डवर, म्हणजे बटण दाबून धरल्यावरच होईल असा, करता येतो का बघ.